शनिवारची उलथापालथ

पहिल्या शनिवारी सर वर्गात आले ते काखेत युरियाचं रिकामं पोतं घेऊन. ते त्यांनी फळ्यावरच्या दोन खिळ्यांना अडकवलं, हात झटकले आणि आम्हाला म्हणाले, "वाचा."

आम्ही सात-आठ जण होतो. बारामतीच्या कॉलेजात मराठी विषय घेतलेली पोरं म्हणजे दुसऱ्या कशालाच प्रवेश न मिळालेली, अशी आमची ख्याती होती. त्यातल्या ज्यांना लिहायची हौस, त्यांच्यासाठी सरांनी शनिवारी दुपारी लेखन मंडळ काढलं होतं. मी वडगाव निंबाळकरहून एसटीनं यायचे. त्या दिवशी मी माझी एक कविता घेऊन गेले होते. आईवर होती. समासात वेलबुट्टी काढलेली. पोत्याकडे वळण्याआधी सरांनी ती उभ्याउभ्या वाचली.

"कुणाची?"

"माझीच, सर."

"ह्यातला एक तरी शब्द तू तयार केलायस?"

मी समासातल्या वेलबुट्टीकडे बोट दाखवलं.

"'मायेचा सागर' म्हणतीस. वडगावला सागर हाय?"

"कॅनॉल आहे, सर," मागून दत्ता म्हणाला. दत्ता पिंपळीचा. त्याला कुणी विचारलेलं नसायचं तरी तो सांगायचा.

"बघ. म्हणजे सागर तू लोकांकडनं आणलास. आणायला माझी हरकत न्हाय. सगळेच आणतात. पण आणला तसाच ठेवून दिलास, ही हरकत हाय. त्याची उलथापालथ कर की जरा." आणि माझी कविता त्यांनी नीट घडी घालून माझ्या हातात परत दिली, लग्नात आलेला नारळ परत करावा तशी.

मग पोतं. पोत्यावर लिहिलं होतं : थंड व कोरड्या जागी साठवावे. ओलाव्यापासून जपावे. हूक लावू नये. लहान मुलांच्या हाती देऊ नये. सर म्हणाले, "ह्या पोत्यात एक प्रेमपत्र हाय. शोधून काढा. शब्द पोत्यावरचेच. मागंपुढं करा, तोडा, 'नये'चं 'वे' करा, 'वे'चं 'नये' करा. बाहेरचा शब्द आणायचा झाला तर मला विचारून आणायचा."

मी हात वर केला. "सर, 'चंद्र' आणू का?"

"न्हाय. चंद्र परत नेऊन ठेव."

कळंबची सुवर्णा माझ्या शेजारी बसली होती. सावळी, बारीक चणीची, ओढणीचं टोक सतत बोटाला गुंडाळणारी. तिनं विचारलं, "सर, 'मला' आणू का?" सर म्हणाले, आण. तिनं एकच ओळ लिहिली आणि वाचून दाखवली : "मला थंड व कोरड्या जागी साठवू नये."

सर बाकावर बसले. पोतं वरपासून खालपर्यंत पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाले, "आज तास संपला," आणि पोतं काढून, घडी घालून घेऊन गेले. तास सुरू होऊन पुरता अर्धा तासही झाला नव्हता.

सर राहायला कळंबला. तिथून स्कूटरवरून बारामतीला यायचे आणि कायम उशिरा पोचायचे, कारण वाटेत कुणी नवीन फ्लेक्स लावला असेल तर तो पूर्ण वाचल्याशिवाय त्यांची स्कूटर पुढे जात नसे. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर खाली शुभेच्छुकांचे जे पन्नासभर फोटो असतात, त्यांखालची नावंसुद्धा वाचायचे. हेल्मेट डोक्यावरून काढायचं विसरायचे. कॉरिडॉरमधून हेल्मेट घातलेला माणूस येताना दिसला की पोरं म्हणायची, मराठीचा तास आहे.

वर्तमानपत्र ते मागून उघडायचे. पहिल्या पानाशी त्यांना कर्तव्य नव्हतं. जाहीर नोटिसा, हरवले-सापडले, वीज बंदच्या सूचना हे त्यांचं वाचन. "अमुक गटाची जमीन माझे अशील खरेदी करीत आहेत, कुणाची हरकत असल्यास कळवावे" ही नोटीस त्यांनी आम्हाला एकदा एका नवरीच्या तोंडी घालायला लावली होती. प्राध्यापकांच्या व्हॉट्सॲप गटावर सकाळी सकाळी कुणी सुविचार टाकला की सर पाच मिनिटांत त्याच शब्दांचा दुसरा सुविचार करून टाकायचे, आणि तो नेमका पहिल्याच्या विरुद्ध असायचा. प्राचार्यांनी शेवटी त्यांना गटातून काढलं. दुसऱ्या दिवसापासून सर प्रत्येकाच्या टेबलापाशी जाऊन तोंडी सांगायला लागले. आठवड्यानं प्राचार्यांनी स्वतःच त्यांना परत गटात घेतलं.

त्यांच्या घरी आम्ही दोन-तीनदा गेलो. त्यांच्या पत्नी, आम्ही त्यांना काकू म्हणायचो, गावातल्याच शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. सडपातळ, नाकावर चष्मा, आवाज मात्र अख्ख्या आळीला पुरेल असा. आम्ही पायरीवर चपला काढत होतो तोवर आतून आवाज आला, "आलात का?"

सर एकदम थांबले. "ऐकलं? आता लिहा. 'आलात का?' हे दोनच शब्द. बाई खूश हाय, बाई चिडली हाय, बाईला वाटलं व्हतं हा यायचाच न्हाय, बाईला वाटतंय आला नसता तर बरं झालं असतं. प्रत्येकाच्या आधी काय घडलं ते सांगायचं, शब्द बदलायचे न्हाईत."

आम्ही ओसरीवर बसून लिहू लागलो. काकू बाहेर आल्या, आमच्या खाली घातलेल्या माना बघितल्या आणि म्हणाल्या, "ह्यांना गिरणीत पाठवलं होतं मी. डब्यावर चिठ्ठी चिकटवली होती, 'गहू बारीक, बाजरी जाडसर.' दोन तासांनी आले. चिठ्ठीची कविता झाली होती, गिरणीवाल्याला पाठ झाली होती, आणि डबा तिथंच राहिला होता. कालवणाबरोबर काय कविता खायची?"

"चांगली झाली व्हती," सर हळूच म्हणाले.

"झाली होती," काकूंनी मान्य केलं. "पण भाकरी नव्हती."

जिन्याची गोष्ट सांगायलाच हवी. कॉलेजच्या जिन्याच्या कोपऱ्यात 'येथे थुंकू नये' असं लिहिलेलं होतं आणि बरोबर त्याच अक्षरांवर लोक थुंकायचे. सरांनी शनिवारी आम्हाला ते वाक्य दिलं. "ह्याची अशी उलथापालथ करा की माणसाच्या तोंडातली पिंक तोंडातच राहिली पाहिजे." दत्तानं लिहिलं : 'येथे काल तुमचे वडील बसले होते.' सरांनी शिपाईमामांकडून ते पाटीवर रंगवून घेतलं आणि कोपऱ्यात लावलं. थुंकणं थांबलं. माणसं पाटी वाचायची, घुटमळायची आणि बाहेर जाऊन मोकळी व्हायची.

पण एके दिवशी एक पन्नाशीचा माणूस आला. भाच्याच्या प्रवेशासाठी आला होता. पाटी वाचून तो ऑफिसात गेला आणि विचारू लागला, "आबा कुठं बसलं व्हतं?" त्याचे वडील घरातून निघून गेले होते, बऱ्याच दिवसांपासून पत्ता नव्हता. क्लार्कनं सरांना बोलावलं. आता सर समजावतील, ही पाटी म्हणजे एक अभ्यास आहे वगैरे, असं आम्हाला वाटलं. सरांनी त्याचा हात धरला आणि त्याला जिन्याशी नेलं. तिसऱ्या पायरीकडे बोट दाखवून म्हणाले, "हितं बसा." तो बसला. सरही शेजारी बसले. त्यांनी त्याला वडिलांबद्दल विचारायला सुरुवात केली, पायात काय घालतात, चहात साखर किती, कुणाकुणाशी वैर. वरून खाली येणारी पोरं दोघांना वळसा घालून जात होती. बऱ्याच वेळानं तो उठला, धोतराची धूळ झटकली आणि म्हणाला, "बरं वाटलं." वडील सापडले का नाही, आम्हाला कधी कळलं नाही. पाटी मात्र सरांनी त्याच संध्याकाळी काढली. आम्ही का म्हणून विचारलं तर म्हणाले, "वाक्य जास्त चांगलं झालं व्हतं."

अभ्यासक्रम त्यांचा कधीच पुरा व्हायचा नाही. सत्र परीक्षेत दत्तानं एका प्रश्नाचं उत्तर प्रश्नातलेच शब्द फिरवून लिहिलं. पेपर तपासणाऱ्यानं भोपळा दिला. दत्ता सरांकडे गेला. सरांनी उत्तर दोनदा वाचलं. "नापास व्हायलाच पाहिजे व्हतास," ते म्हणाले, "पण उत्तर प्रश्नापेक्षा बरं हाय," आणि त्याला गाड्यावरची भेळ खाऊ घातली.

अशा माणसाची चौकशी कधी ना कधी लागणारच होती. ती लागली सुवर्णामुळे.

आमच्या भागात घरटी एक तरी साखर कारखान्याचा सभासद. वर्षातून एकदा वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस घरी येते, आणि ती न वाचता तिच्यावर भाजी निवडली जाते. सरांनी एका शनिवारी तशी एक नोटीस आणली. "ही सगळ्यांच्या घरात येती. आता तुमचं घर हिच्यात घाला." मी माझ्या घराची काहीतरी गंमतजंमत लिहिली. सुवर्णानं आठवडाभर काही दाखवलंच नाही. मग जे दाखवलं ते सरांनी एक शब्द न बदलता कॉलेजच्या वार्षिकात दिलं. मी वार्षिकाची विद्यार्थी संपादक होते, त्यामुळे ते मला अजून जवळजवळ पाठ आहे :

"आमच्या घराची वार्षिक सर्वसाधारण सभा काकांच्या अध्यक्षतेखाली ओसरीवर होईल. तरी सर्व सभासदांनी वेळेवर उपस्थित राहावे. सभेपुढील विषय : मागील भांडणाचे इतिवृत्त वाचून कायम करणे. गैरहजर सभासदांची रजा मंजूर करणे. (वडील. कायमची मंजूर.) चालू हंगामात मुलीचे लग्न करणे. चर्चा म्हशीवर झाली. ठराव सर्वानुमते मंजूर. सूचक, काका. अनुमोदक, काका. मुलगी त्या वेळी चहा देत असल्याने ती सभेस उपस्थित होती असे धरण्यात आले नाही. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय : मुलगी रडली. परवानगी नसल्याने विषय घेता आला नाही. गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास ती त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने घेण्यात येईल व त्या सभेस गणसंख्येचे बंधन राहणार नाही."

वार्षिक घरोघरी गेलं. सुवर्णाचे वडील ती लहान असतानाच गेले होते. घर काका चालवत होते, त्यांना गावात तात्या म्हणायचे. उसातलं, दुधातलं सगळं कळणारा, भावाच्या पोरांना जेवूखावू घातलेला माणूस. वाईट नव्हता. पण सूचकही तोच आणि अनुमोदकही तोच, हे छापून आलेलं त्याला कुणीतरी रसवंतीवर वाचून दाखवलं. घरच्या गोष्टीची तक्रार करता येईना, म्हणून तात्यांनी दुसरी तक्रार केली : कॉलेजात नोटिसांतला मजकूर चोरून आपल्या नावावर छापायला शिकवतात.

कॉलेजनं चौकशी समिती नेमली आणि सरांना नोटीस दिली. "दुसऱ्याचे लेखन उचलून आपले म्हणून सादर करता येते, असे आपण विद्यार्थ्यांना शिकविता, अशी तक्रार आली आहे. याबाबत आपले म्हणणे तातडीने लेखी सादर करावे. अन्यथा आपणांस काही म्हणावयाचे नाही, असे गृहीत धरण्यात येईल."

आम्ही घाबरलो. सुवर्णा तर कॉलेजला यायची बंदच झाली. सर मात्र नोटीस हातात धरून, नवीन फ्लेक्स लागल्यासारखे खुलले होते. दुसऱ्याच दिवशी त्यांनी लेखी उत्तर दिलं :

"तक्रार आली आहे, असे दुसऱ्याचे म्हणणे. याबाबत आपणांस काही म्हणावयाचे नाही? आपले म्हणणे तातडीने सादर करावे. अन्यथा दुसऱ्याचे म्हणणे उचलून आपण आपले म्हणून सादर करता, असे गृहीत धरण्यात येईल."

त्यानंतर त्यांना सुनावणीला बोलावण्यात आलं.

सुनावणीच्या दिवशी काकूही आल्या होत्या, हातात डबा घेऊन. सर बाहेरच्या बाकावर हेल्मेट मांडीवर घेऊन बसले होते आणि त्याची काच रुमालानं पुन्हा पुन्हा पुसत होते. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की तेही घाबरलेत.

"आत गेल्यावर साधं बोला," काकू म्हणाल्या.

"साधं म्हणजे कसं?"

"लोक बोलतात तसं. नोकरी गेली तर तुम्हाला ठेवून घेणार कोण? रसवंतीवर बोर्ड वाचायला?"

"रसवंतीचा बोर्ड चांगला असतो," सर म्हणाले. काकूंनी कपाळाला हात लावला, पण डब्यातली एक वडी काढून त्यांच्या हातावर ठेवली.

समितीत तिघं. अध्यक्ष उपप्राचार्य, सोबत ग्रंथपाल आणि इंग्रजीच्या मॅडम. संपादक म्हणून मला बोलावलं होतं. तात्या कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात आले होते. सुवर्णा पालकांसह हजर राहावी असा निरोप होता, म्हणून ती आईबरोबर आली होती. आई दाराशी, भिंतीला टेकून उभी. बसा म्हटलं तरी बसेना.

सुरुवातीचा बराच वेळ सरांच्या उत्तरातला प्रत्येक शब्द नोटिशीत आहे की नाही हे तपासण्यात गेला. ग्रंथपाल एकेका शब्दावर पेन्सिलनं खूण करत होते. सगळे शब्द सापडले तेव्हा ते नकळत "वा!" म्हणाले आणि उपप्राचार्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"मला एक शंका हाय," सर म्हणाले. "नोटिशीत 'याबाबत' असं हाय. कशाबाबत?"

"तक्रारीबाबत. स्पष्ट आहे."

"वर विषय वाचावा."

उपप्राचार्यांनी नोटीस डोळ्यांपासून लांब धरली. वर लिहिलं होतं, 'विषय : वसतिगृहातील पंख्याबाबत.' ऑफिसनं जुनी एक नोटीस घेऊन तिच्यात मजकूर बदलला होता आणि विषय बदलायचा राहून गेला होता.

"म्हणजे ही नोटीस..." इंग्रजीच्या मॅडम म्हणाल्या.

"उचललेली हाय," सर म्हणाले. "माझी हरकत न्हाय. पण उलथापालथ नीट झालेली न्हाय."

आता नियमाप्रमाणे विषयावर बोलणं भाग होतं. उपप्राचार्य नियमाचे पक्के. त्यांनी विचारलं, पंख्याचं काय झालं? ते कुणालाच माहीत नव्हतं. शिपाईमामांना बोलावलं. ते म्हणाले, पंखा दोन वर्षं बंद आहे. ती माहिती लिहून घेण्यात आली. तात्यांचा चेहरा लाल व्हायला लागला. "मी काय पंख्यासाठी आलोय का हितं? पोरीनं चोरी केलीय, ते बघा!"

"तर मग लेख वाचला जावा," उपप्राचार्य म्हणाले. "कु. सुवर्णानं वाचावा."

सुवर्णा उभी राहिली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळून वाचायला लागली. सुरुवातीला ऐकू येत नव्हतं. मग यायला लागलं. 'वडील. कायमची मंजूर' इथं ग्रंथपालांची पेन्सिल थांबली. 'सूचक, काका. अनुमोदक, काका' इथं मॅडमनी तोंडाला रुमाल लावला. 'मुलगी त्या वेळी चहा देत असल्याने' वाचताना सुवर्णा अडखळली, पुन्हा मागं जाऊन तेच वाचलं, आणि शेवटपर्यंत पोचली. सरांचे ओठ तिच्याबरोबर हलत होते.

दाराशी उभी असलेली आई म्हणाली, "आसं झालं व्हतं?"

सुवर्णानं मान हलवली. "व्हय."

"तू तर चहा आणत व्हतीस."

"तवाच तर."

"आन् रडलीस कवा?"

"कपबश्या इसळताना."

आईनं पदर सारखा केला आणि एक पाऊल आत आली. "सायेब, हे हिनं चोरल्यालं न्हाय. ही आमच्या घरची मिटिंग हाय. मी हजर व्हते, पर बोलले न्हाय."

"वहिनी, तुमी मधी बोलू नका," तात्या म्हणाले.

"मी मधी कुठं बोलतीय, तात्या? मी ऐनवेळचा इषय घेतीय." मग समितीकडे वळून, "त्याला परवानगी कुणाची लागती?"

"अध्यक्षांची," उपप्राचार्य सवयीनं म्हणाले.

"हितं अध्यक्ष कोण हाय?"

उपप्राचार्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "मीच."

"मग द्या."

"दिली," उपप्राचार्य म्हणाले. त्यांच्या तोंडून ते कसं निघालं हे त्यांनाही कळलं नसावं.

"ह्या पोरीचं लग्न ह्या हंगामात न्हाय. तिची परीक्षा व्हऊ द्या."

"अनुमोदन," सर म्हणाले.

"तुम्हाला मताचा अधिकार नाही, तुमची चौकशी चालू आहे," मॅडमनी आठवण करून दिली आणि मग स्वतःच म्हणाल्या, "अनुमोदन माझं."

तात्या स्वतःच्या चपलांकडे बघत बसले होते. शेवटी त्यांनी विचारलं, "म्हंजी मी काय सगळं एकटाच ठरवतो व्हय?" त्यांनी वहिनीकडे बघितलं, सुवर्णाकडे बघितलं. "आरं, मग आधी बोलायचं की. मला वाटायचं सगळ्यांचंच म्हणणं हाय ते." त्यांचा आवाज एवढा उतरलेला मी पुन्हा कधी ऐकला नाही. बाहेर आल्यावर काकूंनी त्यांच्यासमोरही वड्यांचा डबा धरला आणि त्यांनी एक उचलली.

समितीचा अहवाल महिन्याभरानं आला. तो पुढं कितीतरी वर्षं सरांच्या पाकिटात घडी घालून असायचा. त्यात म्हटलं होतं की, वसतिगृहातील पंखा तातडीने दुरुस्त करण्यात यावा, कु. सुवर्णा हिचा विवाह चालू हंगामात करण्यात येऊ नये, आणि संबंधित प्राध्यापकांबाबतचा निर्णय वेळेअभावी तहकूब ठेवण्यात येत आहे. तहकूब झालेली ती सभा पुढं कुणी बोलावलीच नाही. सर निवृत्त होईपर्यंत तहकूबच राहिले. पंखा मात्र दुरुस्त झाला. वसतिगृहातली पोरं सरांना बघितलं की नमस्कार करायची, का ते त्यांना माहीत नसायचं.

सुवर्णा पदवीधर झाली, स्पर्धा परीक्षा दिली आणि सरकारी नोकरीत लागली. लग्न केलं ते बऱ्याच उशिरा, स्वतः ठरवून. पत्रिकेवर निमंत्रक म्हणून पहिलं नाव तात्यांचं होतं. दत्ता पिंपळीलाच शेती करतो आणि गावातल्या मंडळांना गणपतीच्या देखाव्यांची संवादांसकट नाटकं लिहून देतो.

माझं लग्न इंदापूरला झालं. नवऱ्याचं पत्रिका आणि फ्लेक्स छापायचं दुकान आहे, मशीन तो बघतो, मजकूर मी. लोक येतात, काय टाकायचं विचारलं की म्हणतात, असतं तेच टाका. कॉम्प्युटरवर सगळे मजकूर तयार असतात. लग्नाचा, वास्तुशांतीचा, वाढदिवसाचा, निधनाचा. नाव आणि फोटो बदलायचा, झालं.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी दुकान नुकतंच उघडलं होतं आणि सर आत आले. हेल्मेट हातात होतं, ते बघूनच मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. बारीक झाले होते. खुर्चीवर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "काकू गेली. पंधरवड्यातलं दुखणं. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाचा फ्लेक्स करायचा हाय." खिशातून फोटो काढून दिला. चष्म्यातल्या, कुणावर तरी रागावलेल्या काकू.

मी कॉम्प्युटर चालू केला आणि म्हणाले, "सर, मजकूर तुम्ही सांगा. मी लिहून घेते."

"तुझ्याकडं असतो की तयार."

"असतो. पण तो..."

"दाखव."

मी दाखवला. 'आमच्या कुटुंबाच्या आधारस्तंभ कालकथित' आणि पुढं नावाची मोकळी जागा, 'यांचे अल्पशा आजाराने दुःखद निधन झाले. त्यांचा स्वभाव प्रेमळ व मनमिळाऊ होता. त्यांच्या जाण्याने कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण झाली आहे.' मी शेकडो वेळा हा मजकूर छापला होता. सर खुर्ची पुढं ओढून वाचायला लागले. बोट हवेत एकेका शब्दाखालून सरकत होतं. 'अल्पशा' इथं थांबलं. 'मनमिळाऊ' इथं थांबलं. आता 'मनमिळाऊ' काढायला सांगतील, म्हणून मी माऊसवर हात ठेवून बसले. त्यांनी पहिल्यापासून पुन्हा वाचलं.

"राहू दे," ते म्हणाले. "बरोबर हाय सगळं."

"सर, हा सगळ्यांचाच आहे. परवाच एका आजोबांना हाच..."

"असू दे की. त्यांच्याबी घरी तसंच झालं असंल."

मी मोकळ्या जागेत काकूंचं नाव टाइप केलं, फोटो बसवला. त्यांनी मान हलवली. उठले, दारापर्यंत गेले आणि परत आले.

"एक कर. तिचं नाव दोनदा टाक."

"कुठं, सर? खाली?"

"न्हाय. हितंच. एकापुढं एक."

"लोकांना चूक वाटेल."

"वाटू दे. एकदा लोकांनी वाचायला, आन् एकदा मला..." ते म्हणाले.

दुसऱ्यांदाचं काय, ते सांगतील म्हणून मी थांबले. सरांनी हेल्मेट डोक्यावर चढवलं, हनुवटीखालचा पट्टा लावायला त्यांना वेळ लागला, आणि ते पायऱ्या उतरून गेले.

फ्लेक्स कळंबच्या चौकात लागला. दुपारपासून दुकानात फोन यायला लागले. पहिला त्यांच्या पुतण्याचा, मग शाळेतल्या एका बाईंचा, मग गावातल्या आणखी कुणाकुणाचा. ताई, काकूंचं नाव दोनदा पडलंय, बघा जरा, बरं दिसत नाही. नवरा म्हणाला, आपण दुसरा छापून देऊ. मी त्याला नको म्हणाले. आणि फोनवर प्रत्येकाला एवढंच सांगितलं, की मजकूर घरच्यांनी तपासून दिलेला आहे.